एनएफएस माउंट तासभर लटकायचा, त्याचा छडा लागेपर्यंत

ज्यांच्या सर्व्हरवर नेटवर्कवरचं स्टोरेज एनएफएसने (नेटवर्क फाइल सिस्टिम, दुसऱ्या मशीनवरची डिस्क आपल्याच फोल्डरसारखी वापरायची पद्धत) माउंट केलेलं, म्हणजे जोडलेलं, आहे आणि ते मधूनच काहीही कारण न देता गोठतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमचं आता थांबलंय, पण थांबेपर्यंत जानेवारीचा मे झाला, आणि त्यातला बराचसा वेळ हा प्रॉब्लेम नेमका कोणत्या टीमचा यावरच गेला. कोणाला विचारलं की दोनच उत्तरं मिळायची, रीबूट करा नाहीतर सॉफ्ट माउंट करा. दोन्हीबद्दल पुढे येतंच.

सेटअप साधाच. तीन अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, तिन्ही लिनक्स. स्टोरेज टीमचा फाइल सर्व्हर वेगळ्या नेटवर्कमध्ये, आणि मध्ये फायरवॉलची जोडी, एक चालू एक स्टँडबाय. माउंट एनएफएस व्हर्जन ३ चा, कोणीतरी कधीकाळी टाकून ठेवलेला, एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची फाइल) ऑप्शनच्या जागी नुसतं डिफॉल्ट्स. युजरच्या अपलोड केलेल्या फाइली, रिपोर्ट, रात्रीचा बॅकअप, सगळं त्या एकाच माउंटवर. अ‍ॅप्लिकेशनला वाटतं आपण लोकल डिस्कवरच लिहितोय, आणि निम्मं दुखणं तिथूनच सुरू होतं, कारण लोकल डिस्क एकतर चालते नाहीतर एरर देते, ही तिसराच प्रकार करते, गप्प बसते.

जानेवारीत एका पहाटे अलर्ट आला तो लोड अ‍ॅव्हरेजचा. आकडा २४० च्या वर आणि सीपीयू ९७ टक्के रिकामा. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण लिनक्स लोड मोजताना चालू प्रोसेसबरोबर डी स्टेटमध्ये (डिस्क किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट बघत) अडकलेले प्रोसेसही धरतं, त्यामुळे माउंट लटकला की त्याला हात लावणारा प्रत्येक प्रोसेस एकेक करून अडकत जातो आणि आकडा चढत राहतो, मशीन मात्र निवांत. आणि अडकलेल्यांत सगळ्यात जास्त संख्या कोणाची, तर मॉनिटरिंग एजंटची! तो दर मिनिटाला डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) चालवायचा, मागचा डीएफ परत आला का हे न बघताच पुढचा सोडायचा. म्हणजे आजार शोधायला ठेवलेला माणूसच आजार वाढवत होता.

अशा वेळी सवयीने डीएफ किंवा एलएस (फाइलींची यादी) मारू नका, तुमचं टर्मिनलही त्याच रांगेत जाऊन बसतं. काही मशीनवर तर लॉगिन केल्या केल्या डिस्क किती भरली ते दाखवणारा मेसेज असतो, तो माउंटला शिवतो आणि आत जायचीच सोय राहत नाही, तसा असेल तर आजच बंद करा. फाइंडएमएनटी बिनधास्त चालवा, ते कर्नलकडची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडची, माउंटची यादी वाचतं, सर्व्हरला काही विचारत नाही. डीएफ हवंच असेल तर मागे -एल लावून, म्हणजे फक्त लोकल डिस्क. आणि पीएसला (चालू प्रोसेसची यादी) स्टेट आणि डब्ल्यूचॅन (प्रोसेस कर्नलमध्ये कशावर थांबलाय) असे दोन कॉलम मागायचे. आमच्याकडे पानभर एकच ओळ होती, डीएफ, डी, आरपीसी_वेट_बिट_किलेबल, मग रिपोर्टचा जॉब, डी, तेच, बॅकअप, डी, तेच. म्हणजे प्रत्येक जण आरपीसीच्या, म्हणजे सर्व्हरला पाठवलेल्या विनंतीच्या, उत्तराची वाट बघतोय, लोकल डिस्कचा संबंधच नाही. हे अडकलेले प्रोसेस किल -९ ने बहुतेक वेळा मरतात, बाकीच्या सिग्नलला दाद देत नाहीत. पूर्वी इंटर नावाचा माउंट ऑप्शन त्यासाठी असायचा, कर्नल २.६.२५ पासून तो दिला तरी काही होत नाही, तरी लोक अजून एफएसटॅबमध्ये लिहितातच.

अजून एक बारीक गोष्ट, जी मला बऱ्याच उशिरा कळली. प्रोसेस १२० सेकंद अडकला तर कर्नल हंग टास्कची वॉर्निंग देतं ना, ती या किलेबल वाट बघणाऱ्यांना मुद्दाम वगळते. त्यामुळे लॉगमध्ये ती वॉर्निंग नाही म्हणून माउंट ठीक आहे असं धरू नका. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) शोधायची ओळ वेगळी, "सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग", आणि सुटला की त्याच सर्व्हरच्या नावापुढे "ओके". आमच्याकडे या दोन ओळींमध्ये साधारण तासाचं अंतर असायचं. थोडं कमी, थोडं जास्त, पण तासाच्या आसपासच. हे अंतर लिहून ठेवा, प्रत्येक वेळचं. पुढे सगळ्यात जास्त कामाला तेच आलं.

मग तिकीट. स्टोरेजच्या फॉर्ममध्ये कॅटेगरी दोनच, जागा संपली आणि परमिशन मिळत नाही. "अधूनमधून उत्तर देत नाही" असा काही प्रकारच नाही, म्हणून परमिशनमध्ये टाकलं, त्यांनी परमिशन तपासल्या, बरोबर आहेत म्हणून बंद केलं. पुन्हा उघडलं, तर आमच्याकडचे सगळे ग्राफ हिरवे आहेत, नेटवर्कला विचारा. नेटवर्कवाल्यांनी पिंग करून दाखवला, आणि फायरवॉलचा लॉग पाठवला ज्यात त्या तासाभरात आमच्या सर्व्हरकडून २०४९ पोर्टवर (एनएफएसचा पोर्ट) जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनपुढे "अलाउड" लिहिलेलं. दोघं खरं बोलत होते, हे नंतर कळलं. तेव्हा मात्र चिडचिड झाली, कारण तिकीट प्रत्येक वेळी "पुन्हा झालं तर कळवा" म्हणून बंद व्हायचं आणि पुन्हा झालं की नवीन नंबरने पहिल्यापासून. टीप एकच, नवीन तिकीट उघडू नका, जुन्यालाच जोडायला लावा, आणि एक साधी शीट ठेवा ज्यात फक्त चार कॉलम, कोणता सर्व्हर, कधी लटकला, कधी सुटला, कोणी काही केलं का.

दरम्यान आमच्याच टीममध्ये सॉफ्ट माउंटचा आग्रह सुरू झाला. थोडक्यात सांगते. एनएफएस माउंट डिफॉल्टने हार्ड असतो, म्हणजे सर्व्हर उत्तर देईपर्यंत क्लायंट विचारतच राहतो, कितीही वेळ. सॉफ्ट केला की ठरावीक प्रयत्नांनंतर अ‍ॅप्लिकेशनला एरर परत मिळते. टीसीपीवर, म्हणजे नेहमीच्या नेटवर्क कनेक्शनवर, टाइमो (उत्तराची किती वाट बघायची) डिफॉल्टने ६०० असतं, पण ते सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात म्हणून ते ६० सेकंद, आणि रीट्रान्स (किती वेळा पुन्हा विचारायचं) २, त्यामुळे सगळं मिळून तीनेक मिनिटं. ऐकायला सॉफ्टच बरा वाटतो, कोणी लटकणार नाही.

म्हणून टेस्ट मशीनवर करून बघितलं. एक मोठी फाइल माउंटवर कॉपी करायला लावली आणि मध्येच आयपीटेबल्सने (लिनक्सचा स्वतःचा फायरवॉल) २०४९ ड्रॉप केला, रिजेक्ट नाही, ड्रॉप, कारण खऱ्या लटकण्यात पलीकडून नकारसुद्धा येत नाही. सॉफ्टवर तीन मिनिटांच्या आसपास सीपीने (कॉपीची कमांड) इनपुट/आउटपुट एरर दिली, ठीक. मग सीपीच्या ऐवजी आमचीच रिपोर्ट लिहिणारी स्क्रिप्ट चालवली आणि रिपोर्ट लिहून होत असतानाच रूल टाकला. ती म्हणाली झालं, एक्झिट कोड शून्य. नियम काढला, फाइल उघडली तर शेवटचा मोठा तुकडा नाही. कारण असं की राइट कॉल पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत, लिहून लगेच यशस्वी परत येतो, सर्व्हरपर्यंत पोचलं नाही ही एरर नंतर एफसिंक (मेमरीतलं खरंच लिहून टाकणं) किंवा क्लोजच्या (फाइल बंद करण्याच्या) वेळी मिळते, आणि क्लोजचा रिझल्ट किती प्रोग्रॅम बघतात? आमची स्क्रिप्ट तरी बघत नव्हती. हार्डवर तेच केलं, स्क्रिप्ट अडकली, नियम काढला, थोड्या वेळाने पुढे सरकली, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) मूळ फाइलशी जुळला. (नियम काढल्या काढल्या सुरू होत नाही, टीसीपीचे पुन्हा प्रयत्न लांबत गेलेले असतात, घाबरू नका.) तर लिहिण्याच्या माउंटवर हार्डच, यावर मी अडून बसले. फक्त वाचायचा माउंट असेल, कोणाच्या डेटाचं नुकसान होणार नसेल, तर सॉफ्ट चालू शकतो, आणि नव्या कर्नलमध्ये सॉफ्टएर आहे, तो टाइमआउट झाला असं स्पष्ट सांगतो, तो त्यातल्या त्यात बरा.

पण हार्ड-सॉफ्टने मूळ प्रश्न सुटत नव्हताच. तासभर का?

मार्चमध्ये शीट भरत आली तेव्हा एक गोष्ट दिसायला लागली. तिन्ही सर्व्हर एकदम कधीच लटकत नव्हते. पहाटे झालं तर बॅकअप चालू असलेला, दुपारी झालं तर ज्याच्यावर जास्त युजर तो. जो सर्व्हर रिकामा बसलेला असायचा तो हमखास वाचायचा. स्टोरेज खरंच पडलं असतं तर रिकामा सर्व्हरही पहिल्या एलएसला अडकला असता. म्हणजे सर्व्हर पडत नव्हता, चालू असलेलं कनेक्शन मरत होतं, आणि नवीन जोडलं जात नव्हतं.

मग टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेट टिपून ठेवणारं टूल) कायमचा चालू ठेवला, तिन्ही मशीनवर, फक्त स्टोरेजचा आयपी आणि २०४९, शंभर एमबीच्या वीस फाइली ज्या गोल फिरत एकमेकांवर लिहिल्या जातात, आणि प्रत्येक पॅकेटचे फक्त सुरुवातीचे बाइट, नाहीतर युजरचा डेटा कॅप्चरमध्ये येतो आणि मग सिक्युरिटी टीमची वेगळी परवानगी लागते. ती तशीही लागलीच, पण सुरुवातीचेच बाइट म्हटल्यावर लवकर मिळाली. हे कॅप्चर लोकल डिस्कवर ठेवा हे सांगायला नको, पण सांगते.

पुढच्या वेळी लटकल्यावर कॅप्चरमध्ये जे दिसलं ते असं. आधी आपली पॅकेट जातायत, उत्तर नाही. क्लायंट पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो, शेवटी कंटाळून ते कनेक्शन सोडतो आणि नवीन जोडायला सिन (कनेक्शन सुरू करायचं पहिलं पॅकेट) पाठवतो. सिन गेला सोर्स पोर्ट (आपल्या बाजूचा पोर्ट) ८७१ वरून. उत्तर नाही. परत सिन, ८७१ वरूनच. परत, ८७१. जुनं मेलेलं कनेक्शनही ८७१ वरचंच होतं. आपल्याला सवय असते की नवीन कनेक्शन म्हणजे नवीन सोर्स पोर्ट, इथे तसं नाही.

हे मुद्दाम केलेलं असतं. व्हर्जन ३ मध्ये सर्व्हर आधी दिलेली उत्तरं थोडा वेळ आठवणीत ठेवतो, कारण समजा क्लायंटने फाइल डिलीट करायला सांगितली, सर्व्हरने केली, पण उत्तर वाटेत हरवलं, तर क्लायंट तीच विनंती परत पाठवणार आणि आता सर्व्हर म्हणणार अशी फाइलच नाही. आठवण असेल तर तो जुनंच उत्तर परत देतो. आणि ही विनंती त्याच क्लायंटची आहे हे ओळखायला बरेच सर्व्हर आयपीबरोबर सोर्स पोर्टही बघतात, म्हणून लिनक्स क्लायंट तुटल्यावर मुद्दाम त्याच पोर्टवरून परत जोडतो.

एका बाजूचं कॅप्चर पुरावा म्हणून कोणी घेत नाही, हा अनुभव. नेटवर्कवाले म्हणाले सिन आम्ही पुढे पाठवलाय, लॉगमध्ये अलाउड आहे. तेव्हा स्टोरेजच्या बाजूने कॅप्चर हवं. त्याचा वेगळा फॉर्म, त्यात "व्यवसायावर काय परिणाम" असा रकाना, तो भरल्याशिवाय पुढे जात नाही, तिथे शीटमधल्या तासांची बेरीज टाकली आणि काम झालं. मंजुरीला एप्रिल उजाडला. आणि एक, कॅप्चर एकमेकांना लावायच्या आधी दोन्हीकडची घड्याळं बघा, आमच्याकडे स्टोरेजचे लॉग यूटीसीमध्ये, आमचे लोकल वेळेत, आणि फायरवॉलचं घड्याळ दीडेक मिनिट मागे, त्यामुळे पहिल्या मीटिंगमध्ये निम्मा वेळ कोणती ओळ कोणत्या ओळीच्या आधी यातच गेला.

दोन्ही बाजू शेजारी ठेवल्यावर मात्र पाच मिनिटांत सगळ्यांना दिसलं. आमचा सिन स्टोरेजपर्यंत पोचत होता. स्टोरेज उत्तरही देत होतं. पण उत्तर सिन-अ‍ॅक (जोडणी मान्य असल्याचं उत्तर) नव्हतं, साधा अ‍ॅक (पॅकेट मिळाल्याची पोच) होता, आणि त्यातला नंबर जुन्या कनेक्शनचा. स्टोरेजच्या दृष्टीने ८७१ वालं कनेक्शन अजून जिवंतच, त्याला ते तुटल्याचं कोणी कळवलंच नव्हतं, मग त्याच पोर्टवरून अचानक नवीन सिन आला तर तो संशयास्पद. अशा वेळी जुन्या नंबरचा अ‍ॅक पाठवून खात्री करायची, याला चॅलेंज अ‍ॅक म्हणतात, २०१० च्या आरएफसी ५९६१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) आहे, कोणी खोटी पॅकेट घुसवून चालू कनेक्शन तोडू नये म्हणून. क्लायंटला तो अ‍ॅक मिळाला असता तर त्याने रीसेट (हे कनेक्शन तोडा) पाठवला असता, स्टोरेजने जुनं कनेक्शन टाकून दिलं असतं, पुढचा सिन लागला असता, सगळा खेळ काही सेकंदांचा. पण मध्ये फायरवॉल. त्याने सिन जाताना बघितला, आता त्याला फक्त सिन-अ‍ॅक अपेक्षित, हा भलत्याच नंबरचा अ‍ॅक त्याने गुपचूप टाकून दिला. स्टोरेजवर ते जुनं कनेक्शन निष्क्रिय म्हणून साफ व्हायला लागायचा साधारण तास. तोच आमचा तास.

आणि मुळात कनेक्शन मरायचं का? फायरवॉलची जोडी. पॉलिसी अपडेट किंवा मेंटेनन्सच्या वेळी चालू फायरवॉल बदलायचा, आणि दुसऱ्याकडे आमच्या कनेक्शनची नोंदच नसायची, कारण या नेटवर्कसाठी दोघांमधलं स्टेट सिंक (चालू कनेक्शनच्या नोंदी एकमेकांना कळवणं) बंद होतं. नोंद नाही तर पॅकेट ड्रॉप, कोणाला रीसेट नाही. नेटवर्क टीमच्या कॅलेंडरमधल्या अदलाबदलीच्या वेळा शीटशी लावल्या, एकूण एक जुळल्या. रिकामा सर्व्हर का वाचायचा तेही सुटलं, लिनक्स क्लायंट पाच मिनिटं काही काम नसेल तर व्हर्जन ३ चं कनेक्शन स्वतःच नीट बंद करतो, म्हणजे अदलाबदलीच्या वेळी त्याच्याकडे मरायला कनेक्शनच नसायचं. रीबूटने का बरं व्हायचं तेही, बूटनंतर क्लायंट सोर्स पोर्ट नव्याने निवडतो, १०२४ च्या खालच्यांतला कुठला तरी, आणि तो ८७१ नसण्याची शक्यता भरपूर.

इथे एक प्रॅक्टिकल गोष्ट. कायमचा उपाय होईपर्यंत तात्पुरतं काय करायचं हे ठरलं पाहिजे, नाहीतर रात्रीचा माणूस रीबूटच करणार. यूमाउंटला (माउंट काढायची कमांड) -एल लावला की माउंट नजरेआड होतो, पण अडकलेले प्रोसेस तसेच राहतात, आणि त्याच सर्व्हरचा माउंट पुन्हा केला तर क्लायंट बरेचदा ते जुनंच कनेक्शन वापरायला जातो, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. आम्ही स्टोरेजच्या ऑनकॉलवाल्याला फक्त आमचा आयपी आणि सोर्स पोर्ट कळवायचो, तो त्यांच्याकडचं जुनं कनेक्शन हाताने तोडायचा, मिनिटा-दोन मिनिटांत सगळं हलायला लागायचं. पोर्ट कळायला एसएस (चालू कनेक्शनची यादी) पुरतं.

कायमचे उपाय दोन सांगितले गेले. एक, फायरवॉलमध्ये स्टेट सिंक चालू करणं आणि चॅलेंज अ‍ॅक पलीकडे जाऊ देणं. दोन, आम्ही व्हर्जन ३ सोडून ४.१ वर जाणं. ४.१ मध्ये सेशन असतात, विनंती पुन्हा आली का हे सर्व्हर सेशनच्या स्लॉटवरून ओळखतो, पोर्टची गरज उरत नाही, म्हणून नव्या लिनक्स कर्नलमध्ये ४.१ आणि पुढचे क्लायंट परत जोडताना जुन्या पोर्टचा हट्ट धरत नाहीत. आम्ही दोन्ही मागितले, कारण एक टीम बदलली, एक बॉक्स बदलला की सेटिंग उडतात. ४.१ काही नवीन नाही, २०१० चं आहे, व्हर्जन ३ तर १९९५ चं. चेंज रिक्वेस्ट आठवड्यातून एकदा बोर्डासमोर जाते, पहिल्यांदा परत आली कारण रोलबॅक प्लॅन त्यांना वेगळ्या फाइलमध्ये हवा होता, मजकूर तोच. दुसऱ्यांदा महिनाअखेरची फ्रीझ (बदलांना बंदी) आडवी आली. मेमध्ये एका शनिवारी मध्यरात्रीनंतरची विंडो मिळाली.

४.१ वर जाताना काय काय बघावं लागलं ते भराभर सांगते. पोर्ट फक्त २०४९ लागतो, व्हर्जन ३ साठी उघडलेले १११ आणि माउंटडी, लॉकडी वगैरे मदतनीस सर्व्हिसचे पोर्ट बंद करून घेतले, सिक्युरिटीवाले खूश. टेस्टमध्ये काही फाइलींचा मालक नोबडी दिसायला लागला, आयडीमॅपिंगचं (युजरची नावं दोन्हीकडे जुळवणं) डोमेन दोन्हीकडे सारखं केल्यावर गेलं. आणि एक खरोखर वाचवणारी गोष्ट, टेस्ट मशीन दोन, दोन्ही एकाच इमेजवरून क्लोन केलेल्या, दोघांचं होस्टनेम एकच. व्हर्जन ४ मध्ये क्लायंट आपली ओळख होस्टनेमवरून बनवतो, त्यामुळे दुसरं मशीन आलं की सर्व्हरला वाटतं पहिलंच रीबूट होऊन आलं, आणि तो पहिल्याचे लॉक आणि उघडलेल्या फाइली सोडून देतो. दोन्ही मशीन एकमेकांना पाडत होती आणि लॉगमध्ये नुसता गोंधळ. क्लोन, ऑटोस्केलिंग असं काही असेल तर हे आधी तपासा. रीमाउंटच्या भरवशावर राहू नका, व्हर्जन बदलायला पूर्ण अनमाउंट करूनच परत माउंट करावा लागतो, म्हणून तर विंडो लागते.

एफएसटॅबमध्ये आता हार्ड, व्हर्जन स्पष्ट लिहिलेलं, अंडरस्कोर नेटडेव्ह (नेटवर्कवरचा माउंट), नोफेल (माउंट झाला नाही तरी बूट थांबवू नका), आणि एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट. शेवटच्यामुळे बूटच्या वेळी स्टोरेज नसलं तरी मशीन उभं राहतं, माउंट पहिल्यांदा कोणी हात लावेल तेव्हा होतो. पण नोफेलचा धोका असा की माउंट झालाच नाही तर अ‍ॅप्लिकेशन खालच्या रिकाम्या लोकल डिरेक्टरीत लिहीत बसतं, रूट डिस्क भरते, आणि नंतर माउंट झाला की त्या फाइली झाकल्या जातात, कोणाला सापडत नाहीत. म्हणून माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला चॅट्रने +आय (बदल बंद) लावून ठेवलं, आता तिथे रूटलाही लिहिता येत नाही, आणि अ‍ॅप्लिकेशनच्या सर्व्हिस फाइलमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर (हा माउंट असेल तरच सुरू हो) टाकलं. मॉनिटरिंगमधला डीएफ काढून टाइमआउट कमांडखाली साधा स्टॅट (फाइलची माहिती विचारणारी कमांड), पाच सेकंदांत नाही आला तर किल सिग्नल आणि अलर्ट, आणि मागचा संपल्याशिवाय पुढचा सोडायचा नाही.

विंडोमध्येच दोन्ही टीमना बसवून मुद्दाम फायरवॉलची अदलाबदल करायला लावली, माउंटवर मोठी कॉपी चालू असताना, आणि तेही स्टेट सिंकशिवाय, म्हणजे वाईटात वाईट काय होतं ते कळावं. कॉपी थांबली, डीमेसेजमध्ये नॉट रिस्पॉन्डिंग, सगळे गप्प, मग नवीन सोर्स पोर्टवरून सिन, या वेळी सिन-अ‍ॅक, आणि ओके. काही मिनिटं गेली, तास नाही. चेकसम जुळला. मग स्टेट सिंक चालू करून पुन्हा, तेव्हा कॉपी अडखळलीसुद्धा नाही. तिसरी टेस्ट स्टोरेज रीस्टार्टची, त्यात नव्वदेक सेकंद सगळं थांबलेलं दिसतं, तो व्हर्जन ४ चा ग्रेस पीरियड, रीस्टार्टनंतर जुन्या क्लायंटना आपापले लॉक परत मागायला दिलेला वेळ, लिनक्सवर डिफॉल्ट ९० सेकंद. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या दीड मिनिटात कोणीतरी रोलबॅक सुरू करतो.

आमच्याकडे एका सर्व्हरवर विंडोज शेअरही सीआयएफएसने माउंट आहे आणि एका ठिकाणी एसएसएचएफएस (एसएसएच लॉगिनवरून फोल्डर जोडणं). सीआयएफएसला "होस्ट इज डाउन" अशी एरर आली आणि पिंग चालू असेल तर बहुतेक वेळा व्हर्जन जुळत नसतं, वेर्स ऑप्शन बघा. एसएसएचएफएस तुटला की "ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड" म्हणत पडून राहतो, रीकनेक्ट आणि सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल दोन्ही लावल्यावर बराच सुधारला, तरी सर्व्हरच्या कायमच्या कामाला मी तो नाही वापरणार, त्याच्या जागी एनएफएसची चेंज रिक्वेस्ट टाकलीये, पुढच्या बोर्डाला आहे. नेटवर्कचं तिकीट "कॉन्फिगरेशन बदलले" म्हणून बंद झालं. स्टोरेजचं अजून उघडं आहे, कॅटेगरी परमिशनच, आणि स्टेटस "युजरच्या उत्तराची प्रतीक्षा".